कानाच्या पडद्यात ग्रोमेट ही बारीक नळी बसवावी की अजून थांबावे?

प्रश्न (ऐरोली): माझ्या साडेचार वर्षांच्या मुलीच्या दोन्ही कानांच्या पडद्यांमागे ४ महिन्यांपासून पाणी साचलेले आहे. कान दुखत नाही, तापही नाही. मात्र स्वयंपाकघरातून हाक मारली की ती दारात येऊन माझ्या ओठांकडे पाहत राहते. टिम्पॅनोमेट्रीचा (पडदा किती हलतो ते पाहणाऱ्या तपासणीचा) आलेख दोन्ही वेळा सपाट आला, म्हणजे पडदा नीट हलत नाही. डॉक्टरांनी ग्रोमेट सुचवले आहे, परंतु सासूबाईंच्या मते हे वयाबरोबर आपोआप जाईल. थांबावे का?

उत्तर (नौपाडा, ठाणे): सासूबाईंचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, कारण बऱ्याच मुलांमध्ये हे पाणी ३ महिन्यांत ओसरते आणि म्हणूनच तेवढा काळ वाट पाहण्याची पद्धत आहे, तुमच्याकडे मात्र तो उलटून गेला आहे. श्रवणचाचणी झाली नसल्यास आधी ती करून घ्यावी. आमच्या मुलाला पूर्ण भूल देऊन पडद्याला बारीक छेद दिला, द्रव ओढून घेतला आणि तांदळाच्या दाण्याहून लहान नळी बसवली. परतताना रिक्षाच्या आवाजाने त्याने कानांवर हात ठेवले आणि मला रडूच आले.

उत्तर (वाशी): नळी साधारणपणे ६ ते १८ महिन्यांत आपोआप बाहेर पडते. क्वचित पडद्याला छिद्र राहते किंवा पाणी पुन्हा साचते, हेही डॉक्टरांना विचारून ठेवावे. सर्दीच्या गोळ्यांनी हे पाणी जात नाही. आम्ही त्यांत दोन महिने घालवले.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. श्रवणचाचणी झालेली नाही. ती आधी करून घेते.