मदत हवी आहे : एअरब्रशने पट्ट्यांना रंग देताना काळसर ठिपके पडतात आणि रंग हाताला लागतो

मेघना_पुणे
नमस्कार. मी चामड्याचे कमरपट्टे बनवते. पट्ट्याचा मधला भाग फिकट तपकिरी आणि कडांकडे गडद होत जाणारी छटा, असे काम सध्या एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या यंत्राने) चालू आहे. अडचणी दोन आहेत. फवारा मारल्यावर थोड्याच वेळात मधल्या फिकट भागावर मोहरीएवढे काळसर ठिपके उमटतात; आणि रंग पूर्ण वाळल्यावरही कडेवरून बोट फिरवले की तो बोटाला लागतो, म्हणजे गिऱ्हाइकाच्या शर्टालाही लागणारच. सुई बदलली, एअरब्रश पूर्ण उघडून धुतला, रंगाची नवी बाटली काढली, तरी काहीही फरक नाही. माल या आठवड्यात द्यायचा आहे, त्यामुळे नेमके काय बदलायचे एवढेच कृपया सांगा.

रंगलेप
मेघनाताई, एवढ्या माहितीवर नेमके काहीच सांगता येणार नाही. चामडे साल-हिरड्याने कमावलेले आहे की क्रोमचे (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले)? त्यावर आधीच काही लेप आहे का? रंग स्पिरिटचा, पाण्याचा की ॲक्रिलिक? दाब किती, अंतर किती आणि हवा दाबून देणारा कॉम्प्रेसर कोणता? चामड्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. तो लगेच मुरला तर पृष्ठभाग उघडा आहे. मोत्यासारखा तसाच राहिला तर वर मेण, तेल किंवा लेप आहे आणि कोणताही रंग त्यावर धरणार नाही.

जुना_कारागीर
ताई, मी बोळ्याने रंग देतो आणि तेच सुचवेन. लोकरीचा बोळा रंगात बुडवून गोल गोल फिरवत दिला की रंग चामड्यात दाबला जातो. फवाऱ्याने तो नुसता वर बसतो. छटासुद्धा बोळ्याने येते. कडेला तीन हात द्यायचे आणि आतल्या बाजूला एक.

मेघना_पुणे
दादा, बोळ्याने कडेची छटा इतकी मऊ उतरत नाही, म्हणूनच एअरब्रश घेतला. चामडे साल-हिरड्याचेच आहे, वर लेप नाही आणि थेंब लगेच मुरतो. रंग स्पिरिटचा, बाटलीतून काढून तसाच वापरते. सुई ०.५ मिमीची, हवेचा दाब ४० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), अंतर साधारण एक वीत. कॉम्प्रेसर साधाच आहे, व्यवस्थित चालतो, त्याचा इथे काही संबंध नाही.

रंगलेप
हाताला लागणाऱ्या रंगाचे कारण तुमच्या या आकड्यांतच आहे. स्पिरिट फार लवकर उडते. ४० पीएसआय दाबाने फवाऱ्याचे कण अतिशय बारीक होतात आणि एक वीत अंतर कापेपर्यंत त्यांतले बहुतेक स्पिरिट हवेतच निघून जाते, त्यामुळे चामड्यावर ओला रंग पोहोचतच नाही, पोहोचते ती कोरडी भुकटी. ती मुरणार कशी? दाब १५ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा, अंतर चार बोटांवर आणा आणि पृष्ठभाग क्षणभर ओला दिसेल पण ओघळणार नाही इतकाच रंग सोडा. गडदपणा एका जाड थरात मिळवू नका. रंग त्याच कंपनीच्या पातळ करणाऱ्या द्रवाने निम्मा करून पातळ थर एकावर एक चढवा. शेवटी एक दिवस वाळू द्या आणि कापड स्वच्छ निघेपर्यंत कोरड्या सुती कापडाने घासा.

स्प्रेवाला_नाशिक
दाबाबद्दल मी असहमत आहे. मी बुटांवर ॲक्रिलिक मारतो आणि ३० पीएसआयच्या खाली गेलो की नोझल तुंबते व फवारा थुंकल्यासारखा तुटक येतो. ताई, तुम्ही स्पिरिटचा रंग सोडून चामड्याचे ॲक्रिलिक घ्या. लवचीक असते, हाताला लागत नाही, हवी ती छटा मिळते. दोन्ही प्रश्न एकदम सुटतील.

रंगलेप
तुमचा अनुभव ॲक्रिलिकपुरता बरोबर आहे, कारण त्यात न विरघळलेले रंगकण आणि चिकट बंधक असतात, ते ढकलायला दाब लागतो. स्पिरिटच्या रंगात सगळे विरघळलेले असते, तो पाण्याइतका पातळ असतो. आणि ॲक्रिलिक म्हणजे चामड्यावरचा पापुद्रा. बुटाच्या वरच्या भागावर तो टिकेल, पण कमरपट्टा रोज त्याच भोकापाशी वाकतो आणि बक्कलाशी घासतो. तिथे पापुद्रा आधी तडकतो. शिवाय साल-हिरड्याच्या चामड्याचा दाणा, म्हणजे नैसर्गिक पोत, त्याखाली झाकला जातो, आणि गिऱ्हाईक पैसे त्या दाण्याचेच मोजते.

स्प्रेवाला_नाशिक
पातळ थर दिले तर दाणा झाकला जात नाही, मी रोज पाहतो. बक्कलाच्या जागेचा मुद्दा मात्र मान्य आहे.

सालहिरडा
रंग हाताला लागू नये असे वाटत असेल तर काळा रंग घरीच तयार करा. लोखंडाचा कीस किंवा तेल धुऊन काढलेले बारीक खिळे पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाका, बरणीचे झाकण सैल ठेवा, काही दिवसांनी द्रव गाळून घ्या. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्यात टॅनिन (सालीतला तुरट घटक) भरपूर असते. लोखंडाचे पाणी लागताच ते टॅनिनशी संयोग पावून निळसर काळे होते. हा रंग वरून दिलेला नसतो, चामड्यातच तयार झालेला असतो, म्हणून तो घासून निघत नाही. क्रोमच्या चामड्यावर हे होत नाही.

मेघना_पुणे
मला काळा रंग नको आहे. तपकिरी छटा हवी आहे आणि ठिपके नको आहेत. कृपया त्यावर कोणी बोलेल का?

जुना_कारागीर
ताई, थांबा, तुमच्या ठिपक्यांचे उत्तर यातच आहे. ओल्या चामड्यावर चामडे कापायची लोखंडी रापी थोडा वेळ राहिली तरी तिथे निळसर काळा डाग उठतो, हे आमच्याकडे शिकाऊ मुलालाही ठाऊक असते. तुमचे ठिपके तपकिरी रंगाचेच गडद थेंब आहेत, की निळसर काळे आहेत? निळसर असतील तर कुठून तरी लोखंडाचे पाणी येते आहे. एअरब्रश पितळ-स्टीलचा असतो, त्यातून इतके येणार नाही. कॉम्प्रेसरचा संबंध नाही असे म्हणालात, तो नेमका कुठला आहे?

मेघना_पुणे
ठिपके निळसर काळेच आहेत. कॉम्प्रेसर भावाच्या गॅरेजमधला आहे, टायरमध्ये हवा भरण्याचा, लोखंडी टाकीचा. मधे गाळणी वगैरे काही नाही, नळी सरळ एअरब्रशला जोडली आहे.

रंगलेप
मग तपासणे सोपे आहे. रंगाची वाटी रिकामी आणि स्वच्छ ठेवून, न रंगवलेल्या त्याच चामड्याच्या तुकड्यावर आणि शेजारी पांढऱ्या कागदावर दोन मिनिटे नुसती हवा सोडा. हवा दाबली की तापते आणि टाकीत निवताना तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी साचते. पावसाळ्यात तर फारच. जुन्या टाकीत ते पाणी गंजाचे असते आणि तुषारांबरोबर बाहेर पडते. चामड्यावर निळसर ठिपके आले तर प्रश्न मिटला. कागदावरचा डाग वाळल्यावर नाहीसा झाला तर ते पाणी. अर्धपारदर्शक राहिला तर कॉम्प्रेसरचे तेलही येते आहे, आणि तेल पडलेल्या जागी रंग समान धरणार नाही.

काळजी_घ्या
प्रश्न विचारलेला नाही, तरी लिहितो. स्पिरिटचा फवारा पेट घेतो. स्वयंपाकघराच्या आसपास, देवाच्या दिव्याजवळ किंवा बंद खोलीत हे काम करू नका. साधा एन-९५ मास्क कण अडवतो, स्पिरिटची वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचे काडतूस असलेला मुखवटा घ्या.

मेघना_पुणे
नुसत्या हवेने तुकड्यावर तसेच ठिपके आले. कागदावरचे डाग वाळून गेले, म्हणजे तेल नाही. टाकीच्या तळाची तोटी उघडली तर चहाच्या रंगाचे पाणी निघाले. दाब १८ आणि अंतर चार बोटे ठेवून वेगळा तुकडा केला. घासल्यावर कापडाला अगदी थोडा रंग लागतो आहे. जुना_कारागीर दादा, सालहिरडा, रंगलेप, तिघांचेही मनापासून आभार. आता ठिपके पडलेल्या पट्ट्यांचे काय करू?

जुना_कारागीर
लिंबाचा रस गाळून, तेवढेच पाणी घालून कापडाने लावा. फक्त ठिपक्यावर लावू नका, नाहीतर कड्यासारखा डाग राहील. पट्ट्याची संपूर्ण रुंदी ओली करा. ठिपके फिके झाले की स्वच्छ पाण्याने पुसा, सावलीत वाळवा आणि तेलाचा अगदी हलका हात द्या. मूळ रंगही थोडा उतरू शकतो, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर करून पाहा. आणि माझे अजूनही सांगणे आहे की मधला फिकट रंग बोळ्याने द्या, तो खोल मुरेल. एअरब्रश फक्त कडांसाठी ठेवा.

रंगलेप
मधला रंग बोळ्याने देण्याचे मलाही पटते. पाणी अडवणारी गाळणी कॉम्प्रेसरच्या तोंडाशी बसवू नका, तिथे हवा अजून गरम असते आणि पाणी पुढे नळीत सुटते. लांब नळीच्या शेवटी, एअरब्रशच्या जवळ बसवा. टाकी रोज काम संपल्यावर रिकामी करा. रंग घासून झाल्यावर पाण्याचा ॲक्रिलिक लेप निम्मे पाणी घालून द्या, मात्र पहिला थर कापडाने पुसू नका, कडेचा गडद रंग ओढला जाऊन मधल्या फिकट भागावर येईल. तो थर एअरब्रशनेच मारा, आणि त्याआधी वाटी व नोझल भरपूर पाण्याने धुवा, कारण स्पिरिटचा अंश राहिला तर लेप आतच गोठून नोझल तुंबते. दुसरा थर वाळला की ओल्या पांढऱ्या कापडाने पट्ट्याची कड घासून पाहा. कापड कोरे निघाले तर माल द्यायला हरकत नाही.