चर्चा: भुलीचा वायू गच्चीवरून किती दिवस सोडायचा?

भूलवाली, फोंडा
रोग्याला हुंगवलेल्या सेवोफ्लुरेन या भुलीच्या वायूचा जेमतेम पाच टक्के भाग शरीरात मोडतो, बाकीचा जसाच्या तसा श्वासातून बाहेर पडतो. ओटीतली (ऑपरेशन थिएटरमधली) नळी तो ओढून गच्चीवर सोडते. आपल्या नाकाची सोय झाली, वर जाऊन हे वायू पृथ्वी तापवतात ते कोण बघतो! माझं म्हणणं असं की सर्वांत जास्त तापवणारं डेसफ्लुरेन बंद करावं, रोगी स्थिरावला की फ्लो, म्हणजे मशीनमधून मिनिटाला जाणारा ताजा वायू, लिटरभर किंवा त्याहून खाली आणावा आणि नायट्रसची (नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या दुसऱ्या वायूची) पाइपलाइन बंद करून लागेल तिथे सुटा सिलिंडर ठेवावा. स्कॉटलंडने २०२३ मध्येच डेस थांबवलं. युरोपीय संघात १ जानेवारी २०२६ पासून ते फक्त वैद्यकीय गरज असली तरच वापरता येतं.

हाडांचा डॉक्टर, मडगाव
मॅडम, मुरगाव बंदरात कोळशाचे ढीग उतरतात, त्याची काजळी वास्कोच्या खिडक्यांवर बसते, आणि आपण बाटल्या मोजत बसायचं? इस्पितळाचं खरं पाप विजेच्या बिलात आहे. ओटीचा एसी दिवसरात्र चालू असतो, ऑपरेशन असो वा नसो. डेसवर एकशेवीस किलोचा माणूस चार तासांच्या कामानंतर टेबलावरच डोळे उघडतो. ते सुख मी का सोडू?

भूलवाली, फोंडा
कोळशाचाच हिशोब हवा ना? डेसची २४० मिलीची एक बाटली पृथ्वीला सुमारे ४४० किलो कोळसा जाळण्याइतकी तापवते, असं इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवाच सांगते. शंभर वर्षांच्या हिशोबात डेस कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजार पट तापवतं. सेवोचा आकडा दोनशेच्याही खाली आहे. जागं व्हायला लागणाऱ्या वेळातला फरक मिनिटांचा असतो. शेवटचा टाका पडायच्या आधी व्हेपोरायझर (भुलीच्या द्रवाची वाफ सोडणारं यंत्र) वेळेवर कमी केला तर त्यातलाही बराचसा भरून निघतो. एसीचं मात्र मान्य. रिकाम्या ओटीत तो मंद करायला माझी हरकत नाही. तुमची आहे का?

जुनं मशीन, सत्तरी
फ्लो कमी करा म्हणणं सोपं आहे, डॉक्टर. सर्किटमधून (श्वासाच्या नळ्यांतून) हवा गळते, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाइम कधी बदलला ते आठवत नाही आणि रोग्याला नेमका किती ऑक्सिजन नि किती वायू जातोय ते दाखवणारा मॉनिटर नाही. अशा ठिकाणी अर्ध्या लिटरवर जाणं म्हणजे काळोखात होडी हाकणं. रोगी निळा पडला तर हवामानाचं कारण नातेवाइकांना कोण सांगणार?

भूलवाली, फोंडा
बरोबर. मॉनिटर नसेल तर जाऊ नका. पण सहा लिटरवर ठेवून चहाला जाणारे मी पाहिलेत, त्यांच्याकडे मॉनिटर होता.

ऑक्सिजनवाला (मेंटेनन्स), म्हापसा
तुम्ही दोघं डेसवरून भांडताय, आमच्या इस्पितळात डेस कधी आलंच नाही. नायट्रसचं ऐका. गेल्या चवथीत ठरवलेली ऑपरेशनं नव्हती, अर्धा स्टाफ गावी होता. वहीत नायट्रसची एकही केस नाही. तरी मॅनिफोल्डवरचे (पाइपलाइनला जोडलेल्या सिलिंडरांच्या रांगेतले) दोन निळे सिलिंडर रिकामे! कुठल्यातरी जोडातून हळूहळू गळत होते. नायट्रसला वास जवळजवळ नसतो, त्यामुळे कोणाला कळत नाही. तेव्हापासून मी महिन्याचे सिलिंडर आणि वहीतल्या केसेस शेजारी शेजारी लिहितो. मेळ अजून एकदाही बसलेला नाही.

भूलवाली, फोंडा
बाब, याच्यासाठीच धागा काढला होता! नायट्रस हवेत शंभराहून जास्त वर्षं टिकतो, कार्बन डायऑक्साइडच्या २७० पट तापवतो आणि वर ओझोनही खातो. सिझेरियन बहुतेक स्पायनलवर (पाठीत इंजेक्शन देऊन) होतात, तिथे याचं काम नाहीच. मग पाइप भरलेला ठेवायचा कशाला?

प्रसूती वॉर्डातली सिस्टर
कळा देताना बायकांना नायट्रस-ऑक्सिजनचं मिश्रण देतात, ते काढून घेऊ नका म्हणजे झालं. सगळं बंद करायची वेळ आली की आधी बायकांचंच जातं.

भूलवाली, फोंडा
ते सुट्या सिलिंडरवर चालतं, सिस्टर. त्याला हात लावणार नाही.

हाडांचा डॉक्टर, मडगाव
गळतीचं पटलं. ती बंद करा, पैसेही वाचतील. डेसचं मात्र पटलेलं नाही. माझ्या लठ्ठ रोग्यांवर सेवोने महिनाभर काम करून दाखवा, रिकव्हरीतली मिनिटं मी स्वतः घड्याळ लावून मोजेन.

भूलवाली, फोंडा
मोजा. टाके घालताना घड्याळ थांबवू नका.