सल्ला हवा: पट्टी दर पानाला एक इंच वर सरकते (सांगली, युनिव्हर्स, डॉट मॅट्रिक्स)

हळदपेढी

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं अडतीचं दुकान आहे. मुख्यतः हळद, थोडा गूळ. वडिलांनी १९९७ साली पुण्याच्या एका प्रोग्रॅमर काकांकडून पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाचा, प्रोग्रॅम लिहून घेतला. तो युनिव्हर्स नावाच्या मल्टीव्हॅल्यू डेटाबेसवर चालतो. काळा पडदा, हिरवी अक्षरं, पण इतक्या वर्षांत एका पैशाचा हिशेब चुकलेला नाही. काकांची तब्येत आता बरी नसते, त्यामुळे त्यांना त्रास द्यायला नको वाटतं.

फेब्रुवारीच्या शेवटी जुनं मशिन बसलं. एका माहीतगाराकडून सगळं नव्या लिनक्स मशिनवर घेतलं आणि प्रिंटरही नवा आणला. तेव्हापासून तीन गोष्टी होतायत.

पहिली, आणि सगळ्यात त्रासाची. कागद १० बाय १२ चा, छापील मथळ्याचा, तीन प्रतींचा आहे. पहिली पट्टी बरोबर बसते, दुसरी एक इंच वर, तिसरी दोन इंच वर. शेतकऱ्याचं नाव मथळ्यावर चढतं. आमच्या दिवाणजींच्या लक्षात आलं की तेरावी पट्टी पुन्हा बरोबर बसते, मग परत सुरू. दुसरी, पट्टी लगेच छापत नाही. मेनूतून बाहेर पडलं की सगळ्या एकदम येतात. तिसरी, गेल्या वर्षीची १८ मेची पट्टी परत काढली तर तारीख ०५/१८ अशी आली. या वर्षीच्या तारखा मात्र ठीक दिसतात.

माल भरपूर येतोय, सौदे रोज आहेत. हे जमणारा कोणी सांगली, मिरज, साताऱ्याकडे असेल तर सुचवा. की आता हे सगळं बदलूनच टाकावं? शेतकऱ्याचं नाव मराठीत छापता आलं तर तेही हवंय.

कुपवाड_एमआयडीसी

बदला, दुसरं काय. आमच्या फौंड्रीत असंच जुनं होतं, तीन वर्षांपूर्वी बाजारातलं तयार पॅकेज घेतलं. आज शिकवलेला मुलगा उद्या काम करतो. तुमच्या त्या सिस्टिमचा माणूस शोधायला धागा काढावा लागतोय, यातच सगळं आलं.

अजिंक्यतारा६५

हळदपेढी, आधी दिवाणजींना माझा नमस्कार सांगा. तेराव्या पट्टीचं निरीक्षण त्यांनी केलं नसतं तर मी दहा प्रश्न विचारले असते.

मी साताऱ्याचा. नोकरीची बरीच वर्षं पुण्यात पिक (या घराण्याची मूळ सिस्टिम) आणि युनिव्हर्सवर काढली. हिशेब बघा. तुमचा कागद १२ इंची, म्हणजे इंचाला ६ ओळी धरून ७२ ओळींचा. अमेरिकेतला कागद ११ इंची, ६६ ओळींचा, आणि युनिव्हर्स मुळात तेच धरून चालतं. दर पानाला सहा ओळी, म्हणजे बरोबर एक इंच कमी सरकतो. बारा वेळा ६६ म्हणजे ७९२, आणि अकरा वेळा ७२ म्हणजेही ७९२. म्हणून तेरावी जागेवर. प्रिंटरही बिघडलेला नाही आणि प्रोग्रॅमही.

आता ६६ कोण धरतंय ते शोधायचं. प्रिंटरवरचं फॉर्म फीडचं बटण दाबा. कागद पुढच्या छिद्ररेषेवर नेमका थांबला तर प्रिंटर बरोबर. एक इंच आधी थांबला तर प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये पानाची लांबी १२ इंच करा. मग टर्मिनलवर नुसतं सेटपीटीआर टाइप करा (आज्ञा मी उच्चारानुसार लिहितोय). त्यात ओळी ६६ आणि वरखाली तीन तीन ओळींचा समास दिसला तर चोर सापडला. असं द्या:

सेटपीटीआर ०,८०,७२,०,०,१,ब्रीफ

शून्य हा प्रिंटरचा क्रमांक, ८० रुंदी, ७२ ओळी, दोन शून्यं म्हणजे वरचा आणि खालचा समास नाही, १ म्हणजे थेट छपाईच्या रांगेत. ब्रीफ लिहिलं की ते परत परत खात्री विचारत बसत नाही. डी३ हा याच घराण्यातला दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी हा धागा वाचला तर त्यांच्याकडे हे काम टर्म आज्ञेतले प्रिंटरच्या रुंदीचे आणि ओळींचे आकडे करतात.

पट्ट्या एकदम येतात कारण प्रोग्रॅम प्रिंटर ऑन करतो, पण पट्टी संपल्यावर प्रिंटर क्लोज करत नाही. बीपी फाइलमध्ये मूळ प्रोग्रॅम असेल. पट्टीच्या शेवटी ती एक ओळ घाला, पुन्हा कंपाइल आणि कॅटलॉग करा.

तारखेचं मात्र मला बरं वाटत नाहीये. त्यावर रात्री सविस्तर लिहितो. तोपर्यंत एक करा: आजचा पूर्ण बॅकअप घ्या आणि जुन्या मशिनची हार्डडिस्क कुणाला देऊ नका.

मिरज_जंक्शन

अजिंक्यतारा काकांनी सांगितलंय त्यात एकच भर. लिनक्सवर प्रिंटरची रांग रॉ, म्हणजे मजकूर काही न बदलता जसाच्या तसा पाठवणारी, आहे का ते बघा. नसेल तर मधला फिल्टर स्वतःचा समास आणि पानं घालतो, मग सेटपीटीआर कितीही बरोबर असू दे.

अजिंक्यतारा६५

तारखेबद्दल. हे नीट वाचा, कारण यात पैशाचा प्रश्न आहे.

मल्टीव्हॅल्यूमध्ये तारीख अक्षरांत साठवत नाहीत, दिवसांची मोजणी साठवतात. ३१ डिसेंबर १९६७ हा शून्यावा दिवस. १०००० म्हणजे १८ मे १९९५. म्हणून २००० साली आमच्याकडे साठवलेल्या तारखांना धक्का लागला नाही. तुमची गेल्या वर्षीची १८ मे आतमध्ये सुरक्षित आहे, फक्त बाहेर येताना अमेरिकन पद्धतीने, महिना आधी, अशी येतेय.

पण जे बाहेर येताना होतं, तेच आत जातानाही होतं. तुम्ही ५ मार्चला ०५/०३ टाइप केलं. मशिनने ते ३ मे समजून साठवलं. पडद्यावर परत दाखवताना महिना आधी दाखवला, म्हणून तुम्हाला ०५/०३ च दिसलं. म्हणजे ज्या तारखा तुम्हाला ठीक दिसतायत, त्याच चुकीच्या आहेत.

आजच्या पुढच्या तारखेच्या पट्ट्या काढल्या की बऱ्याच सापडतील, पण तेवढ्यावर थांबू नका. १ मार्चची पट्टी ३ जानेवारीत गेली असेल आणि २ मार्चची ३ फेब्रुवारीत. त्या पुढे नाहीत, मागे आहेत. म्हणून पट्टी क्रमांकाने सॉर्ट करा आणि तारीख कुठे उडी मारते ते डोळ्यांनी बघा. ३ मार्चची तेवढी आपोआप बरोबर असेल.

दुरुस्तीचा प्रोग्रॅम चार ओळींचा आहे. मशिन बदलल्यानंतरच्या पहिल्या पट्टी क्रमांकापासून पुढे एकेक नोंद घ्यायची, तारीख अमेरिकन पद्धतीने ओकॉन्व्हने बाहेर काढायची आणि तीच अक्षरं भारतीय पद्धतीने आयकॉन्व्हने आत घ्यायची. एकदाच चालवायचा. दुसऱ्यांदा चालवला तर सगळं परत उलटेल. आणि ज्या नोंदीत तारीख हाताने टाइप न करता मशिनने स्वतः घातली आहे, तिला अजिबात हात लावू नका. ती बरोबरच आहे.

माझा अंदाज असा की पान आणि तारीख, दोन्ही दुखणी एकाच जागेची आहेत. तुमच्या पुण्याच्या काकांनी व्होकमध्ये (अकाउंटच्या आज्ञांच्या यादीत) लॉगिन नावाची नोंद ठेवली असणार. माणूस आत आला की त्यातल्या आज्ञा आपोआप चालतात. नवीन अकाउंट उघडून फक्त फाइली कॉपी केल्या असतील तर ती मागे राहिली. जुन्या डिस्कवर बघा. सेटपीटीआर आणि डेट.फॉरमॅट ऑन या दोन ओळी तिथे सापडाव्यात. एक खबरदारी: प्रोग्रॅममधल्या तारखेच्या कोडमध्ये ई आहे का ते आधी तपासा. ई तारीख भारतीय करत नाही, आहे ती उलटवतो. डेट.फॉरमॅट ऑन असताना ई असेल तर परत अमेरिकन होईल.

कुपवाड_एमआयडीसी

मान्य, हे मला माहीत नव्हतं. पण पुढे कधी तरी बदलावं लागेलच ना? सांभाळणारा माणूस मिळत नाही ही अडचण खरी आहे.

अजिंक्यतारा६५

खरी आहे, आणि तुमचा सल्ला वाईट हेतूचा नाही हेही कळतं. माझं म्हणणं एवढंच की प्रिंटर सरकतोय म्हणून डेटाबेस बदलू नये. हंगामात तर नाहीच.

हळदपेढींच्या एका पट्टीत पाच वक्कलं, म्हणजे मालाचे पाच वेगळे गट, असतील, प्रत्येकाची पोती, वजन, दर वेगळा. मल्टीव्हॅल्यूमध्ये ही पूर्ण पट्टी एकच नोंद असते. पाच वजनं एकाच रकान्यात, मध्ये २५३ क्रमांकाची खूण. रकाने २५४ ने वेगळे. कागदावर जशी पट्टी, तशीच डिस्कवर. ही कल्पना १९६५ साली अमेरिकन सैन्याच्या हेलिकॉप्टरच्या सुट्या भागांच्या हिशेबासाठी डिक पिक आणि डॉन नेल्सन यांनी उभी केली. असा माल नोंदवायला ती आजही जितकी सरळ बसते तितकं दुसरं काही बसताना मी पाहिलेलं नाही. नव्या पॅकेजात जाताना हीच नोंद दोन टेबलांत फोडावी लागते, आणि फोडणाऱ्याला २५३ म्हणजे काय ते माहीत नसेल तर पाच वक्कलांचं एक वक्कल होतं.

आणि ही सिस्टिम मेलेली नाही. युनिव्हर्स २००९ पासून रॉकेट सॉफ्टवेअरकडे आहे, नव्या आवृत्त्या येतात. हळदपेढी, तुमचा परवाना कुणाच्या नावावर आणि कोणत्या आवृत्तीचा आहे ते कागद मात्र शोधून ठेवा.

मिरज_जंक्शन

मराठी नावांबद्दल, कारण हा प्रयोग मी केलाय. युनिकोड मजकूर या फाइलींत ठेवला तर खुणांशी भांडण होत नाही. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत २५१ ते २५५ हे बाइट येतच नाहीत. जुन्या ८ बिटी फॉन्टमधला मजकूर मात्र चुकूनही टाकू नका. त्यात एखादं अक्षर २५३ वर असलं की नावाचे दोन तुकडे.

अडचण रुंदीची आहे. देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो. 'पाटील' दिसायला तीन अक्षरं, आत पाच वर्ण, म्हणजे १५ बाइट. एनएलएस (युनिव्हर्सची इतर भाषांसाठीची सोय) चालू नसेल तर प्रोग्रॅम बाइटच मोजतो. २० चा रकाना ठेवला तर सहा वर्ण मावतात आणि सातवा मध्येच कापला जातो. शिवाय डॉट मॅट्रिक्सच्या टेक्स्ट मोडमध्ये देवनागरी नसते, चित्र म्हणून पाठवावी लागते, आणि तीन प्रतींची एकेक पट्टी तशी काढायची तर दुपारपर्यंत निम्म्याही होणार नाहीत.

त्यामुळे माझा आग्रह: छापील पट्टी आहे तशी इंग्रजीत राहू द्या. मराठी पट्टी वेगळी करा. सेटपीटीआरचा मोड ३ दिला की छपाई कागदाऐवजी होल्ड फाइलमध्ये जाते. तिथून उचलून पीडीएफ करायची आणि शेतकऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवायची. ते मी दाखवीन, मिरजेहून यार्ड काही लांब नाही. पण सौदे ओसरल्यावर.

तुम्हाला स्वतःला शिकायचं असेल तर घरच्या लॅपटॉपवर स्कार्लेटडीएमई हा मल्टीव्हॅल्यू डेटाबेस टाका. फुकट आहे आणि बेसिक प्रोग्रॅम, लिस्ट, सॉर्ट, सेटपीटीआर सगळं तिथे हाताखालून जातं. दुकानाच्या डेटावर सराव नको.

हळदपेढी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री दुकान बंद केल्यावर बसलो.

फॉर्म फीडचं बटण दाबलं तर प्रिंटर बरोबर थांबला. सेटपीटीआरमध्ये ६६ आणि तीन तीन. ७२ केलं, सलग पंधरा पट्ट्या काढल्या, पंधराही जागेवर. जुन्या डिस्कवर लॉगिनची नोंद सापडली, त्यात अजिंक्यतारा काकांनी सांगितलेल्या दोन्ही ओळी होत्या आणि वर पुण्याच्या काकांनी इंग्रजीत शेरा लिहिलेला: 'सांगली कागद १२ इंच, बदलू नये.' तो वाचून वडील थोडा वेळ काही बोललेच नाहीत.

तारखांचं अक्षरशः तसंच निघालं. पट्टी क्रमांकाने यादी काढली, ४१ पट्ट्या उलट्या. त्यात १ आणि २ मार्चच्या सात जानेवारी-फेब्रुवारीत गेलेल्या, त्या मी नुसत्या पुढच्या तारखा बघून कधीच पकडल्या नसत्या. आवक नोंदीत तारीख मशिनच घालतं, तिला हात लावला नाही. बॅकअप घेऊन प्रोग्रॅम एकदाच चालवला. तारखेच्या कोडमध्ये ई नव्हता. आज सकाळी दिवाणजींनी ४१ च्या ४१ वहीशी ताडून पाहिल्या.

प्रिंटर क्लोजचं राहिलंय. बीपीमध्ये पट्टीच्या नावाचे तीन प्रोग्रॅम आहेत आणि कोणता चालतो ते कळत नाहीये.

अजिंक्यतारा६५

मेनूच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तो. तिथून सुरू करा, आणि बदलण्याआधी त्याची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा. पुण्याच्या काकांना एकदा फोन करा. मदतीसाठी नाही, त्यांची ती ओळ अजून कामाला आली हे सांगायला.

हळदपेढी

वडील रविवारी स्वतःच जाणार आहेत. सोबत हळद नेतायत.