कॅलॅमिटी ताऱ्यांवरून नाही, शेतातून

वरच्या पोस्टमध्ये एकाने 'डिझास्टर' आणि 'कॅलॅमिटी' हे 'आपत्ती' अर्थाचे दोन्ही इंग्रजी शब्द ग्रहताऱ्यांवरून आल्याचं लिहिलंय. डिझास्टरचं बरोबर आहे. त्यातला 'अ‍ॅस्टर' म्हणजे तारा, आणि तो इटालियन-फ्रेंच वाटेने १६व्या शतकात इंग्रजीत शिरला. कॅलॅमिटीचं मूळ मात्र लॅटिन 'कालामितास'. अर्थ नुकसान, त्यातही उभ्या पिकाचं. जुन्या लॅटिन व्याकरणकारांनी तो 'कालामुस'शी, म्हणजे धाटाशी जोडला: धाटं मोडून पडतात ती कालामितास. आजचे अभ्यासक ही व्युत्पत्ती मानत नाहीत. ते त्याला 'इनकोलुमिस' म्हणजे 'इजा न झालेला' या शब्दाच्या कुळात बसवतात, आणि मलाही तेच पटतं.

पण जुनी समजूत का टिकली असेल, हे आम्हा नाशिककरांना लगेच कळतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवा. निफाड, दिंडोरीकडे काढणीला आलेल्या द्राक्षबागा झोडपल्या गेल्या, वर्षभराची मेहनत आणि कर्ज दोन्ही चिखलात. तिथे कुणी पत्रिकेतले ग्रह बघत बसलं नव्हतं, सगळ्यांची नजर मोडलेल्या काड्यांवर होती.

जाता जाता, त्या धाटाचा ग्रीक अवतार 'कालामोस' अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. तोच आपला 'कलम', म्हणजे लेखणी.