एडिट केलेल्या मेसेजचा आधीचा मजकूर समोरच्याला दिसायला हवा का?

नीलमोहोर:
माझं मत आधीच सांगते: हवा. मेसेज एकदा पोचला की तो एकट्या पाठवणाऱ्याचा राहत नाही.

हे डोक्यात यायचं कारण आमच्या सोसायटीचा ग्रुप. 'रंगकामासाठी प्रत्येक फ्लॅटमागे ८,००० रुपये. मान्य असेल तर अंगठा टाका,' असा मेसेज आला. बऱ्याच जणांनी अंगठे टाकले आणि फोन बाजूला ठेवून कामाला लागले. थोड्या वेळाने पाहिलं तर मेसेज तोच, अंगठे तेच, रक्कम मात्र ९,४४०. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'एडिटेड'. विचारलं तर उत्तर आलं, 'जीएसटी धरायचा राहिला होता.' १८ टक्क्यांचा हिशोब बरोबर बसतो, फसवणुकीचा आरोप मी करत नाही. पण ज्या आकड्याला लोकांनी होकार दिला तो ग्रुपवर कुठेच उरला नाही, आणि न दिलेला होकार मात्र त्यांच्या नावावर दिसतोय.

व्हॉट्सअ‍ॅपने मे २०२३ मध्ये ही सोय दिली. १५ मिनिटांत मजकूर बदलता येतो, बदलल्याची खूण दिसते, पण आधी काय होतं ते दिसत नाही. बदलाचं नवीन नोटिफिकेशनही येत नाही. टेलिग्रामवर तर ४८ तास मुभा. उलट सिग्नल २४ तास देतं, पण 'एडिटेड'वर बोट ठेवलं की आधीचे सगळे मजकूर उघडतात. आयफोनच्या आयमेसेजमध्येही तसंच. म्हणजे तांत्रिक अडचण काही नाही, फक्त ठरवायचं आहे.

लास्ट सीन लपवा, फोटो लपवा, ऑनलाइन आहात हेही लपवा. ते तुमचं आहे. मला पाठवलेलं वाक्य त्यात बसत नाही.

चाफा:
पूर्ण असहमत. तुम्ही पैशाचं उदाहरण घेतलंत म्हणून तुमची बाजू सोपी झाली.

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. एका मुलीने सहलीच्या ग्रुपवर स्वतःच्या हॉस्टेलचं नाव आणि खोली क्रमांक टाकला. पाच मिनिटांत तिच्या लक्षात आलं की या ग्रुपमध्ये ओळख नसलेलीही मुलं आहेत. तिने एडिट करून फक्त 'मी स्टँडवर भेटते' एवढंच ठेवलं. तुमच्या नियमाने तो खोली क्रमांक एका बोटाच्या अंतरावर कायमचा उघडा राहिला असता. लपवाछपवी करणारा एक सापडावा म्हणून चूक सुधारणाऱ्या शंभर जणांना उघडं पाडायचं?

सांत्वनाच्या मेसेजमध्ये कीबोर्डने भलताच शब्द घातला, तो दुरुस्त केला, तरी त्या घरच्यांना मूळ शब्द वाचता येणार. कशासाठी?

नीलमोहोर:
@चाफा, त्या मुलीसाठी 'डिलीट फॉर एव्हरीवन' आहे की. २०१७ मध्ये ते आलं तेव्हा सातच मिनिटं मिळायची, आता साधारण अडीच दिवस मिळतात. मिटवायचं असेल तर मिटवा. तिथे काहीतरी होतं आणि ते काढलं, हे सगळ्यांना कळतं. माझा आक्षेप आहे तो एकाच्या जागी दुसरंच ठेवण्यावर.

चाफा:
तेच तर! 'हा मेसेज डिलीट केला' अशी पाटी दिसली की लगेच 'काय होतं ग?' 'कोणी वाचलं?' सुरू होतं. १७ वर्षांच्या मुलीला ते नको असतं. तिला गाजावाजा न करता दुरुस्ती हवी होती आणि ती मिळाली.

शिवाय अ‍ॅप एक गोष्ट जास्त दाखवायला लागलं की त्याची किंमत ज्याचं चालत नाही तो मोजतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या टिका आल्या, तेव्हा 'वाचलंस तर उत्तर का नाही दिलंस' हे भांडण घरोघरी झालं. काही दिवसांतच टिका बंद करायची सोय द्यावी लागली. आता कल्पना करा, संशयी नवरा प्रत्येक 'एडिटेड' उघडून विचारतोय, आधी काय लिहिलं होतंस?

काळा_कोट:
वकिली करतो, म्हणून पुराव्याची बाजू मांडतो.

२०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस बजावली गेली असं मानलं, कारण पीडीएफ पोचून उघडली गेल्याचं निळ्या टिकांवरून दिसत होतं. पाठवलेली पीडीएफ मागाहून आतून बदलता येत नाही, म्हणून त्या टिकेला वजन होतं. साध्या मजकुराचं तसं नाही.

दुसरं म्हणजे स्क्रीनशॉट. लोक ऑफिसात येतात ते स्क्रीनशॉटची प्रिंट घेऊन. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या प्रकरणात २०२० मध्ये स्पष्ट झालं, की मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र, म्हणजे ती नोंद कुठल्या उपकरणातून कशी घेतली याचा लेखी दाखला, लागतंच. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे, त्यातही प्रमाणपत्र आहेच. म्हणजे कागदपत्रं नीट करूनही तुम्ही कोर्टापुढे ठेवणार तो आज फोनमध्ये दिसणारा मजकूर. पहिला आकडा फोनमध्ये दिसतच नसेल तर तो सिद्ध करताना नाकी नऊ येतात. त्यामुळे मी नीलमोहोर यांच्या बाजूने.

पण ताई, एक सांगतो. ग्रुपवरचे अंगठे म्हणजे सर्वसाधारण सभेचा ठराव नव्हे. आकडा ८,००० असो की ९,४४०, सभेत मांडायला लावा.

रानवारा:
तुम्ही सगळे मजकुरावर भांडताय. आमच्याकडे खरी गळती नंबरची आहे.

आईच्या बचत गटाचा ग्रुप आहे. कोणीतरी त्यातल्या बायकांना एका 'कर्ज योजना' नावाच्या मोठ्या ग्रुपमध्ये परस्पर घातलं. शेकडो अनोळखी माणसांपुढे सगळ्यांचे नंबर. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू, काही रात्री अकरानंतर. आईने नवं सिम घ्यायचं म्हटलं, पण बँक, गॅस, आधार सगळं त्याच नंबरला जोडलेलं. घेणार कसं?

आपल्याला कोण ग्रुपमध्ये घालू शकतं हे ठरवायची सोय व्हॉट्सअ‍ॅपवर २०१९ पासून आहे. सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स. पण मुळात ती 'सगळे' अशीच असते, आणि आई तिथवर कधी जाणार? सिग्नलने फेब्रुवारी २०२४ मध्ये युजरनेम आणून नंबर झाकायची सोय केली. आधी हे सगळीकडे व्हावं. त्या बायकांना एडिटचा इतिहास मिळाला काय, न मिळाला काय.

नीलमोहोर:
@रानवारा, हे वाचून खरंच वाईट वाटलं. मूळ सेटिंग 'माझे कॉन्टॅक्ट्स' असं हवं, यात दुमत नाही. आजच आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या फोनवर बदलून देते, सोबत टू-स्टेप पिनही घालून देते.

पण त्यामुळे माझा मुद्दा मागे पडत नाही. @चाफा, संशयी नवऱ्याचं मी नाकारत नाही, तरी तो फोन हिसकावूनही वाचतोच. मग निदान एवढं मान्य करा: मजकूर बदलला की त्यावरचे अंगठे आपोआप निघावेत आणि नवीन नोटिफिकेशन जावं. ज्याला पुन्हा होकार द्यायचा तो देईल.

चाफा:
अंगठे निघावेत, हे मान्य. नोटिफिकेशन फक्त ग्रुपमध्ये आणि तेही कोणी अंगठा किंवा उत्तर दिलं असेल तरच. दोघांमधल्या गप्पांत नको. जुना मजकूर दाखवायला मात्र माझा विरोध कायम आहे, आणि 'तो फोन हिसकावूनही वाचतोच' हे उत्तर मला पटलेलं नाही. हिसकावणाऱ्याच्या हातात आणखी काही द्यायचं कारण ते होऊ शकत नाही.