मदत हवी आहे: इटलीत प्रॅक्टिस टीचिंग, शाळेतलं जेवण आणि चारनंतरचं आयुष्य

खडू_फळा
जरा पटकन उत्तरं हवीत. बुधवारी कोऑर्डिनेटरबाईंबरोबर मीटिंग आहे, त्याआधी काय बोलायचं ते ठरवायचंय.

मी इथे प्रॅक्टिस टीचिंगला आले आहे. मुलं गोड आहेत, शिक्षिका चांगल्या आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण दुपारी मुलांच्या टेबलावर, त्यांच्याबरोबर बसूनच जेवावं लागतं. मी शाकाहारी. तसं सांगितलं तर पुढ्यात टूना आला. पुन्हा सांगितलं तर हॅम, पापडासारखा पातळ, जणू पातळ असला की चालतो. डबा आणू का विचारलं तर नाही म्हणाल्या. सध्या मी पाव आणि सफरचंद खाते.

दुसरं म्हणजे शाळा चारला सुटते. मग काय? घरचे, मैत्रिणी सगळे मेसेज करतात, "मज्जा आहे बुवा, इटली!" मी खोलीवर येऊन भात लावते आणि घरी फोन करते. रविवारी दुपारी तर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. इथे लोक रोजचं आयुष्य एन्जॉय करतात म्हणजे नेमकं काय करतात?

प्रवासाची ठिकाणं कृपया सुचवू नका, ती गूगलवर आहेत.

जुना_पासपोर्ट
अभिनंदन! आम्ही उभयता टूरबरोबर जाऊन आलो आहोत. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करालच, पण चिंक्वे तेर्रे चुकवू नका. पाचही गावं रेल्वेने होतात. एक महत्त्वाचं, रीजनल गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये छापून घ्यायचं असतं. नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड! आमच्या ग्रुपमधल्या एकांना बसला होता. बुरानोला लेस स्वस्त मिळत नाही, फसू नका.

खडू_फळा
काका, शेवटची ओळ वाचलीत का?

मोदेनाकर
ताई, निम्मी माहिती तुमच्या पोटातच आहे. शहर कुठलं? मुलं किती वर्षांची? शाळा नगरपालिकेची, सरकारी की खासगी? जेवण बाहेरून येतं की शाळेत शिजतं? अंडं खाता का? इटालियन किती येतं? मुक्काम किती आणि व्हिसा कुठला? हे कळल्याशिवाय सांगायचं म्हणजे हवेत गोळीबार.

शेंगदाणा_कूट
डब्याला नाही म्हणतातच कसे? ठामपणे सांगायचं, धार्मिक कारण आहे म्हणून. मी जर्मनीत चार वर्षं ऑफिसला डबा नेला, कुणाची बिशाद नव्हती. छोटा कुकर, थेपले, मेतकूट, दाण्याची चटणी. चटणी तर पास्त्यावर घालूनही छान लागते, मुलांनाही द्या.

मोदेनाकर
@शेंगदाणा_कूट, ऑफिस वेगळं, शाळा वेगळी. आणि शेंगदाण्याची चटणी दुसऱ्यांच्या मुलांना? अॅलर्जी हा शब्द इथल्या शाळेत बाँबसारखा घेतात. डब्यावरून इटलीत कोर्टबाजी झालेली आहे. तुरीनच्या पालकांनी मुलांना घरचं सँडविच मेन्सात, म्हणजे शाळेच्या जेवणघरात, खाऊ द्या म्हणून वर्षानुवर्षं भांडण केलं. शेवटी २०१९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा बिनशर्त हक्क वगैरे काही नाही. एकत्र, सारखं जेवणं हा शाळेच्या शिकवण्याचाच भाग, अशी त्यामागची समजूत. शिकाऊ शिक्षिकेने जाऊन "बिशाद" दाखवायची ही जागा नाही.

साधा_माणूस
जसा देश तसा वेश. टूना खाल्ल्याने कुणी मेलेलं नाही.

शेंगदाणा_कूट
टूना मेला की.

खडू_फळा
बरं, घ्या माहिती. शहर रेज्जो एमिलिया. मुलं चार-पाच वर्षांची. नगरपालिकेची शाळा. मी इंग्लंडमध्ये शिक्षणशास्त्रात मास्टर्स करतेय, त्यातली एक टर्म इथे, मेअखेरपर्यंत. भारतीय पासपोर्ट, इटलीचा डी व्हिसा, म्हणजे लांब मुक्कामाचा. पेर्मेस्सोचं, म्हणजे राहण्याच्या परवान्याचं, किट पोस्टात दिलंय. क्वेस्तूराने, म्हणजे पोलीस मुख्यालयाने, बोटांच्या ठशांची तारीख जूनमधली दिली आहे, म्हणजे मी निघून गेल्यावर. त्यावर काही विचारू नका, हसून झालंय. इटालियन दुकानापुरतं येतं. अंडं केकमधलं चालतं, नुसतं नाही.

स्वयंपाकघर शाळेतच आहे, काचेतून दिसतं. रोज दोन मुलं "वेटर" असतात, तीच टेबलं लावतात, खऱ्या काचेचे पेले मांडतात. काल आजच्या-वेटर मुलीने माझ्या ताटलीतला हॅम बोटांनी उचलून स्वतःच्या ताटलीत घेतला आणि म्हणाली, "तांतो तू नॉन लो मांजी." तसंही तू खात नाहीसच. या एकटीलाच माझा प्रश्न कळलाय.

मोदेनाकर
रेज्जो! मग पहिल्याच वाक्यात सांगायचंत की. अर्धा प्रश्न सुटला. तिथल्या पालिकेच्या बालशाळांत स्वयंपाकघर आतच असतं आणि स्वयंपाकीणबाई, म्हणजे क्वोका, शाळेच्या माणसांपैकीच धरतात, कंत्राटदाराची कामगार म्हणून नाही. त्यामुळे मीटिंगची वाट बघू नका. उद्या सकाळी क्वोकाबाईंना भेटा. हातात लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

चिठ्ठीत "मी शाकाहारी" एवढंच नको. "कार्ने" म्हटलं की बऱ्याच लोकांच्या डोळ्यांपुढे लाल मांसाचा तुकडा येतो. हॅम त्यात धरत नाहीत, मासा तर नाहीच. एकेक नाव घ्या: "नॉन मांजो ने कार्ने, ने प्रोशुत्तो, ने पेशे, ने तोन्नो, ने ब्रोदो दी कार्ने." म्हणजे मांस, हॅम, मासे, टूना, मांसाचं सूप, काहीच खात नाही. शेवटचं विसरू नका. सूप दिसायला भाजीचं असतं, पाणी हाडांचं. रागू म्हणजे खिमा, लाल दिसतो म्हणून टोमॅटो समजू नका. आणि एक शब्द चुकूनही वापरू नका, "इन ब्यांको". त्याचा अर्थ साधा, बिनसॉसचा पास्ता हे खरं, पण शाळेत ते पोट बिघडलेल्या मुलाचं पथ्य. तीन महिने पेज मिळेल.

कागदोपत्री हवं असेल तर शाळांच्या मेन्साला वेगळ्या आहाराचा फॉर्म असतो. आजारासाठी डॉक्टरचा दाखला लागतो, पण "मोतीवी एतिको-रेलिजोझी", म्हणजे नैतिक किंवा धार्मिक कारणांसाठी, स्वतःचं लेखी निवेदन पुरतं. तो फॉर्म मुलांसाठी आहे. तुमच्यासाठी चालतो का, हा बुधवारी विचारायचा प्रश्न. तेवढाच विचारा.

बाहेर खाताना: न्योक्को फ्रित्तो दिसतो पुरीसारखा, पण परंपरेने डुकराच्या चरबीत तळतात. एर्बात्सोने म्हणजे आत पालेभाजी भरून भाजलेला पदार्थ, त्यातही बऱ्याचदा पॅन्चेत्ता (डुकराचं खारवलेलं मांस) किंवा चरबी असते. विचारा, "चे स्त्रूत्तो?" म्हणजे डुकराची चरबी आहे का? बिनघोर खायचं तर तोर्तेल्ली वेर्दी, म्हणजे भरलेला पास्ता, आत रिकोत्ता आणि पालेभाजी, वरून लोणी आणि परमेजान. किंवा भोपळ्याचे तोर्तेल्ली. मात्र पास्त्याच्या पिठात अंडं असतं. तुमच्या केकच्या नियमात बसेल.

तूप_साखर
वरून परमेजान? तो शाकाहारी नाही. त्यात वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायचं द्रव्य, असतं. नियमच आहे, दूध, मीठ आणि वासराचं रेनेट, चौथी वस्तू घालता येत नाही. ग्राना पादानो चीजमध्येही वासराचंच रेनेट. ताई, ज्या गावात आहात त्याच गावाच्या नावाचं चीज, पार्मिजानो रेज्जानो, तुम्हाला चालत नाही.

खडू_फळा
हे आधी कुणी का नाही सांगितलं. मी रोज खातेय.

मोदेनाकर
@तूप_साखर, माहिती बरोबर, वेळ चुकीची. आधीच बाई पावावर आहेत.

तूप_साखर
सत्य सांगायला वेळ कसली? दुकानात "काल्यो वेजेताले", म्हणजे वनस्पतीचं रेनेट, लिहिलेलं चीज मिळतं, तेवढं बघून घ्यायचं.

साधा_माणूस
दूध चालतं, ते ज्या वासराचं होतं त्याचं पुढे काय झालं ते विचारायचं नाही. वा.

बोर्डीची_मावशी
तुम्ही सगळे चीजवर भांडताय आणि पोरगी कुठे जाऊन बसली आहे ते कुणालाच दिसत नाही. बाळा, तू बालशिक्षणाच्या काशीला आहेस! मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह काढलं. तेव्हापासूनच मुलांनी टेबलं मांडायची, खरी चिनीमातीची भांडी हाताळायची. त्या १९३९ ला भारतात आल्या आणि युद्धामुळे इथेच अडकल्या. आपल्याकडे ताराबाई मोडक त्याआधीपासूनच भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर हेच काम करत होत्या. नंतर १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडला, वारली पाड्यांवर. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडी. तुझ्या प्रोजेक्टमध्ये हे जरूर घाल.

पो_काठी
मावशी, नमस्कार. पण रेज्जोच्या शाळा माँटेसरी नव्हेत, तिथलं दैवत लोरिस मालागुत्सी. फॅसिस्ट राजवट पडल्यावर, १९४५ च्या वसंतात, रेज्जोजवळच्या विल्ला चेल्ला गावातल्या लोकांनी जर्मन सैन्य मागे सोडून गेलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशांतून बालशाळा बांधायला घेतली. मालागुत्सी तरुण शिक्षक होते, ऐकून सायकल मारत बघायला गेले आणि तिथलेच झाले. बोर्डी आणि चेल्ला एकाच सालातले, हे मात्र तुमच्या पोस्टमुळे आत्ता लक्षात आलं.

आता @खडू_फळा यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी बघितलेलंच नाही. मी रेज्जोला काही वर्षं होतो. चारला सुटता ही उत्तम वेळ आहे. दुकानं दुपारी मिटलेली असतात ती साडेतीन-चारला उघडतात आणि साडेसातला बंद होतात. त्या वेळात गाव पियात्सात, म्हणजे चौकात, असतं. कामाला कुणी जात नसतं, नुसते हिंडत असतात, दोन चकरा, कुणी भेटलं की थांबायचं. तुम्ही खोलीवर भात लावता तेव्हा नेमकी ही वेळ निघून जाते. भात आठला लावा, तेही आठलाच जेवतात.

एकच बार धरा. रोज तोच, त्याच वेळी. उभ्याने कॉफी प्या, बसलात तर जास्त पैसे. आठवड्याभरात न सांगता कप पुढे येतो, मग गप्पा आपोआप. पानित्सी ग्रंथालय आहे, तिथे बसा, कार्यक्रम असतात. भाषेसाठी सीपीआयए, प्रौढांची सरकारी शाळा, परदेशी लोकांना इटालियन शिकवतात. टर्मच्या मध्येच घेतील की नाही ते जाऊन विचारा. जुनी सायकल घ्या, कुलूप सायकलीपेक्षा महाग घ्या.

आणि चेंत्रो सोचाले, म्हणजे वस्तीतलं जमायचं ठिकाण. रेज्जोत वस्तीवस्तीला आहेत, म्हातारेकोतारे ब्रिस्कोला, म्हणजे पत्ते, खेळतात, बायका जमून काप्पेल्लेत्ती, म्हणजे भरलेला पास्ता, वळतात. आत मांस असतं, खाऊ नका, पण वळायला बसा. लाटलेल्या पातळ पिठाचा चौकोन, त्यावर सारणाचा वाटाणा, त्रिकोणी घडी, मग दोन टोकं करंगळीभोवती चिमटायची. माझी उघडायची. शेजारच्या आजी न बोलता उचलून पुन्हा चिमटायच्या आणि माझ्याच ढिगात ठेवायच्या. इटालियन जेवढं येतं ते तिथलं.

रविवारसाठी: नोवेल्लाराचा गुरुद्वारा. रेज्जोहून ग्वास्ताल्लाच्या छोट्या लाइनवर आहे, रविवारच्या गाड्यांच्या वेळा आधी बघा. २००० साली सुरू झाला, या भागातल्या गोठ्यांत कितीतरी पंजाबी काम करतात, त्यांचा. डोकं झाकायचं, लंगरला बसायचं. डाळ, रोटी, भाजी, रेनेटची चर्चा नाही. तसं बघितलं तर तुमच्या परमेजानच्या गायींचं दूध हेच लोक काढतात.

आईसाहेब_नाशिक
छान धागा. माझ्या मुलीचं बी.एड. होतंय. तिला इटलीत शाळेत नोकरी मिळेल का? पगार किती असतो?

मोदेनाकर
सरकारी शाळेत कोंकोर्सो म्हणजे स्पर्धा परीक्षा असते, आणि इटालियन मातृभाषेसारखं लागतं. इंटरनॅशनल शाळा वेगळ्या. कृपया नवीन धागा काढा.

जुना_पासपोर्ट
खडूताई डी व्हिसावर आहेत तर ईस्टरच्या सुटीत पॅरिस करून घ्या.

पो_काठी
व्हिसा चालू आहे तोवर शेंगेनमध्ये हिंडता येतं, १८० दिवसांत ९०. पण तो संपल्यावर नुसत्या पोस्टाच्या पावतीवर दुसऱ्या देशात जाऊ नका. व्हिसावरची शेवटची तारीख बघा. आणि ती पावती जपून ठेवा.

खडू_फळा
मेपर्यंत आहे. पॅरिस नको.

क्वोकाबाईंना भेटले. चिठ्ठी वाचून त्या आधी कोऑर्डिनेटरवरच चिडल्या, मला कुणी सांगितलं का नाही म्हणून. मग हात धरून आत नेलं, फ्रीज उघडून एकेक वस्तू दाखवायला लागल्या: हे खातेस? हे? मसूर निघाले! मी ओरडलेच. गुरुवारी मुलांसाठीही मसूर करणार आहेत. डाळीला फोडणी कशी देतात ते दाखव म्हणाल्या, पण मोहरी उडते ती मुलांपासून लांब.

बुधवारच्या मीटिंगला आता काय विचारू? फॉर्मचं विचारतेच. पण एक अडचण. हॅमऐवजी त्या मला "फ्रित्ताता" देणार आहेत, खूप आनंदाने. ते ऑम्लेटच ना? केकमधलं अंडं चालतं पण नुसतं नाही, हे इटालियनमध्ये कसं सांगायचं?

मोदेनाकर
सांगायचंच नाही. "नो ऊओवा" म्हणा आणि केक आला की गुपचूप खा.

शेंगदाणा_कूट
त्या मुलीसमोर नाही जमायचं. ती टेबलावर सांगेल सगळ्यांना.

आईसाहेब_नाशिक
कोंकोर्सोला वयाची अट आहे का?