प्रतिजन, प्रतिपिंड, प्रतिविष : यांतला ‘प्रति’ नेमका कोणाच्या विरुद्ध?

प्रश्न :

वैद्यकाच्या अभ्यासक्रमात सध्या मी सूक्ष्मजीवशास्त्र आणि रोगप्रतिकारशास्त्र शिकत आहे. वर्गात संज्ञा इंग्रजीतून कानांवर पडतात, पण विषय नीट समजावा म्हणून मी त्या मराठीत मांडून पाहते. अँटिबॉडीला ‘प्रतिपिंड’ म्हणणे पटते. अँटिजेनला ‘प्रतिजन’ म्हटले की मात्र गोंधळ होतो, कारण बाहेरून शिरलेला पदार्थ हाच प्रतिजन असेल, तर त्याचा ‘प्रति’ कोणाला उद्देशून आहे? प्रतिकार शरीर करते, तो पदार्थ नव्हे. हा शब्द चुकीचा घडला आहे, की माझी फोड चुकते आहे?

उत्तर :

आपली शंका अगदी रास्त आहे आणि तिचे मूळ मराठी शब्दात नसून तो ज्यावरून बेतला त्या संज्ञेत आहे. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १८९१ मध्ये जर्मन भाषेत ‘अँटिकॉर्पर’ हा शब्द वापरला. त्यातल्या ‘कॉर्पर’चा अर्थ देह, पिंड. पुढे १८९९ मध्ये लाडिस्लास डॉइच या हंगेरियन संशोधकाने ‘अँटिजेन’ हा शब्द प्रचारात आणला आणि नंतर त्याचा उलगडाही केला : ते ‘अँटिसोमॅटोजेन’चे आखूड रूप आहे. ग्रीक ‘सोमा’ म्हणजे देह. म्हणजे मूळ अर्थ ‘प्रतिपिंड उत्पन्न करणारा’ असा आहे आणि शब्द आखडताना त्यातला देहच गळाला. आपल्या व्याकरणाच्या भाषेत सांगायचे, तर हा मध्यमपदलोपी समास मानावा. ‘लंगोटीमित्र’ या शब्दाची फोड करताना ‘लंगोटी नेसण्याच्या वयापासूनचा’ एवढा मजकूर जसा आपण मनातल्या मनात भरतो, तसाच ‘प्रतिजन’ वाचताना मधला ‘पिंड’ भरून घ्यावा : प्रति(पिंड)जन. यातला ‘प्रति’ त्या पदार्थाचे वर्णन करत नाही; तो पदार्थ ज्याला जन्म देतो, त्या प्रतिपिंडाचा तो उरलेला तुकडा आहे.

मग सरळ ‘प्रतिपिंडजनक’ म्हणावे, असे कोणालाही वाटेल. मलाही पूर्वी तसे वाटत असे, पण विषय जसजसा शिकत गेलो, तसतसे ते मत बदलले. कार्ल लँडस्टायनर यांनी १९२१ मध्ये ‘हॅप्टेन’ ही संज्ञा मांडली. हॅप्टेन म्हणजे असा लहान रेणू, जो प्रतिपिंडाला चिकटू शकतो, पण एकटा असताना प्रतिपिंड निर्माण करवू शकत नाही. पेनिसिलिनचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे : तो रेणू इतका लहान असतो, की स्वतःच्या बळावर तो प्रतिकाराला जाग आणत नाही, शरीरातल्या प्रथिनांना जोडला गेल्यावर मात्र काही जणांत त्याची तीव्र ॲलर्जी उद्भवते. म्हणून ‘प्रतिकार जागा करण्याची क्षमता’ आणि ‘प्रतिकाराच्या घटकांशी जुळण्याची क्षमता’ हे दोन गुण आज वेगळे मानले जातात. पहिला गुण असलेल्या पदार्थाला इम्युनोजेन म्हणतात, आणि त्यासाठी ‘प्रतिकारजनक’ हा शब्द मला योग्य वाटतो. दुसरा गुण असलेला तो प्रतिजन. प्रत्येक प्रतिकारजनक प्रतिजन असतो, पण प्रत्येक प्रतिजन प्रतिकारजनक नसतो. त्यातच टी-पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) प्रथिनाचे तुकडे ओळखतात तेव्हा प्रतिपिंडांचा संबंध येतोच असे नाही. तरीही त्या तुकड्यांना आपण प्रतिजनच म्हणतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने अचूक असलेला ‘प्रतिपिंडजनक’ आज अर्थाच्या दृष्टीने चुकीचा ठरेल. मूळ अर्थ पुसट झालेला ‘प्रतिजन’ इथे अधिक उपयोगी पडतो, आणि तोच ठेवावा असे माझे ठाम मत आहे.

जाता जाता ‘पिंड’ या शब्दाविषयी. ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ म्हणताना आपण देह या अर्थी तो वापरतो, त्यामुळे भाषांतर शोभून दिसते. पण त्यामुळेच काही विद्यार्थी ‘प्रतिपिंड ही पेशी आहे’ असे लिहून मोकळे होतात. प्रतिपिंड हे प्रथिन आहे. ते प्लाझ्मा पेशींत तयार होते आणि या पेशी बी-लसीकापेशींपासून (पांढऱ्या रक्तपेशींचा आणखी एक प्रकार) घडतात. एर्लिख यांच्या काळी त्याची रचना ज्ञात नव्हती. ती उलगडल्याबद्दल जेराल्ड एडेलमन आणि रॉडनी पोर्टर यांना १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुरवणी प्रश्न :

याच ओघात विचारते. ‘विषाणू’ या शब्दात विष आहे. मग प्रतिविष हे विषाणूंवर चालते, असे समजावे का?

उत्तर :

नाही, आणि ही चूक परीक्षेपुरती राहत नाही, म्हणून ती वेळीच सुधारावी. लॅटिन ‘व्हायरस’चा अर्थ विष असा होता. रोगकारक असे काहीतरी आहे, पण ते दिसत नाही, अशा काळात तो शब्द रुळला आणि मराठीने त्याचा अर्थ इमानाने उचलला. प्रत्यक्षात वैद्यकात ज्यांना आपण विष म्हणून अभ्यासतो, त्यांतली ठळक उदाहरणे जीवाणूंची आहेत : घटसर्प, धनुर्वात, बॉट्युलिझम. एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० मध्ये दाखवले, की घटसर्पाच्या किंवा धनुर्वाताच्या विषाविरुद्ध प्रतिकार निर्माण झालेल्या प्राण्याच्या रक्तरसात विष निष्प्रभ करणारा घटक असतो. तेच प्रतिविष; म्हणजे विषाविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड. इथला ‘प्रति’ सरळ आहे, विरोध दाखवणारा; पण तो विरोध विषाला आहे, जीवाणूला नाही. उलट ‘प्रतिजैविक’ हे औषध जीवाणूवर चालते आणि त्याने आधीच सोडलेले विष मात्र तसेच राहते. म्हणूनच घटसर्पात दोन्ही द्यावी लागतात.

धनुर्वाताच्या लशीतही जीवाणू नसतो. असते ते निर्विष केलेले विष, ज्याला ‘विषाभ’ म्हणता येईल. आपण वर ‘प्रतिकारजनक’ या शब्दावर थांबलो होतो, त्याची कसोटी इथे लागते. हे विष इतके तीव्र असते, की प्राणघातक ठरणारी मात्राही प्रतिकार जागा करण्यास पुरत नाही. त्यामुळे धनुर्वातातून बरा झालेल्या रुग्णालाही लस टोचावी लागते.